तेराव्या गाण्याआधीची बारा

१९६६ साली नॅशव्हिलमध्ये रेडिओच्या डीजेंचं संमेलन भरलं होतं. अशा संमेलनांत दिवसा ओळखीपाळखी आणि रात्री हॉटेलच्या खोल्यांत पत्ते. त्या पत्त्यांच्या डावात मेम्फिसहून आलेले दोघे बसले होते, चिप्स मोमन आणि डॅन पेन. चोरून भेटणाऱ्या प्रेमिकांवर एक गाणं लिहायचं, आणि असं लिहायचं की त्या विषयावर पुन्हा कुणी लेखणी उचलायला धजू नये, ही त्यांची इच्छा. डाव मध्येच थांबला, कल्पना सुचली आणि लिहायला निवांत जागा हवी झाली. मेम्फिसचाच एक रेकॉर्डवाला, क्विंटन क्लॉन्च, याने आपली खोली देऊ केली. अट एकच: गाणं झालं की ते त्याच्या कंपनीसाठी गाणाऱ्या जेम्स कारला द्यायचं. अर्ध्या तासात गाणं तयार झालं. त्याचं नाव ‘द डार्क एन्ड ऑफ द स्ट्रीट’.

सोल, म्हणजे चर्चच्या गाण्यातून फुटलेलं कृष्णवर्णीय अमेरिकनांचं संगीत; त्याच्या चाहत्यांना हा किस्सा पाठ असतो आणि तो सांगितला जातो तो गीतकारांच्या कौतुकासाठी. खटकतं ते इतकंच, की ज्याच्या नावाने खोलीचं भाडं ठरलं तो माणूस त्या खोलीत नव्हता. शब्द पेन-मोमनचे, चाल त्यांचीच, खोली क्लॉन्चची, पैसाही क्लॉन्च आणि त्याच्या भागीदाराचा. मग कारचं त्यात काय? पुढे हे गाणं पर्सी स्लेजने गायलं, अरेथा फ्रँकलिनने गायलं, लिंडा रॉन्स्टॅटने गायलं, राय कूडरने गिटारवर वाजवलं, आणि १९९१ च्या ‘द कमिटमेंट्स’ या चित्रपटातून ते एका नव्या पिढीच्या कानावर पडलं. इतक्या गळ्यांतून फिरून आल्यावरही जाणकार शेवटी कारच्या मूळ रेकॉर्डपाशी येऊन थांबतात. ते का, हे नुसतं तेच गाणं पुन्हा पुन्हा लावून कळत नाही. त्याच्या आधीची बारा गाणी ऐकली की कळायला लागतं.

आणि ती बारा ओळीने ऐकायची तर संकलन हाताशी हवं.

लंडनच्या एस रेकॉर्ड्सचं केंट नावाचं एक लेबल आहे. त्यांनी २००१ साली ‘द कम्प्लीट गोल्डवॅक्स सिंगल्स’ नावाची सीडी काढली. गोल्डवॅक्स म्हणजे क्लॉन्चची मेम्फिसमधली चिमुकली कंपनी. कारने तिच्यासाठी १९६४ ते १९६९ या काळात १४ सिंगल्स, म्हणजे दोन गाण्यांच्या छोट्या तबकड्या, केल्या. प्रत्येकीच्या दोन बाजू, म्हणजे २८ गाणी, आणि ती निघाली त्याच क्रमाने लावलेली. ‘द डार्क एन्ड ऑफ द स्ट्रीट’ या क्रमात तेरावं येतं. कार २००१ सालीच ७ जानेवारीला मेम्फिसमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला होता, वयाच्या ५८ व्या वर्षी. तोवर अमेरिकेत त्याचं नाव ठाऊक असलेली माणसं थोडीच होती, आणि जी होती त्यांतल्या बऱ्याच जणांना त्याचं एकच गाणं ठाऊक होतं.

संकलनं करण्याच्या दोन-तीन रीती असतात. सगळ्यात सोपी म्हणजे गाजलेली गाणी आधी आणि उरलेली मागून. दुकानात ती खपते, कारण घेणारा पहिल्या पाच मिनिटांत खूश होतो. दुसरी रीत म्हणजे संथ-जलद-संथ अशी मांडणी, पार्टीत लावायला बरी. तिसरी, तारखेप्रमाणे. ही तिसरी रीत सगळ्याच कलावंतांना मानवत नाही. सुरुवातीच्या चाचपडण्यात पाच-सहा गाणी जातात आणि ऐकणारा कंटाळून उठतो. कारच्या बाबतीत मात्र हीच रीत बरोबर आहे. त्याने स्वतः फारशी गाणी लिहिली नाहीत, मोठाल्या मुलाखती दिल्या नाहीत, मागे पत्रं-वह्या ठेवल्या नाहीत. त्याचं सगळं बोलणं या २८ बाजूंतच आहे आणि ते ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने ऐकलं तर त्याला अर्थ येतो. १९६७ साली ‘यू गॉट माय माइंड मेस्ड अप’ ही एलपी, म्हणजे अनेक गाण्यांची मोठी तबकडी, निघाली, १९६८ साली ‘अ मॅन नीड्स अ वूमन’. पण त्या काळी मेम्फिसमध्ये छोट्या कंपनीची एलपी म्हणजे चाललेल्या सिंगल्स एकत्र करून मध्ये चार-पाच भरीची गाणी घालायची, असाच प्रकार असे. कामाचं एकक होतं सात इंची ४५ आरपीएमची तबकडी. एका बाजूला साधारण अडीच मिनिटं, फार तर तीन. त्याहून लांब गेलं की डीजे लावायला नाखूश, आणि तबकडीवर खाचा दाटीने कापाव्या लागल्याने आवाजही बारीक होणार.

या सिंगल्स मोनोमध्ये ऐकायला हव्यात. एकाच वाहिनीत गळा, ड्रम, बास, ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) सगळं एकमेकांत मुरलेलं असतं आणि ते एएम रेडिओच्या आणि ज्यूकबॉक्सच्या एकाच स्पीकरसाठी तसं मुद्दाम मुरवलेलं असतं. पुढे स्टिरिओची टूम आली तेव्हा तीच ध्वनिमुद्रणं डावी-उजवी फाकवून एलपीवर घातली गेली. अशा मिश्रणात गळा एकटा पडतो, ब्रास एका कानात ओरडत राहतो आणि मधली जागा पोकळ वाटते. जुन्या सोलच्या संकलनांत आणखी तीन गोष्टी हटकून बिघडतात. मूळ टेप हरवलेली असली की तबकडीवरूनच गाणं उतरवून घेतात. त्यात काही गैर नाही, पण मग खरखर काढण्याच्या नादात फिल्टर असा लावतात की झांजेची चमक आणि गायकाचा श्वास दोन्ही जातं. दुसरं, टेपचा वेग. यंत्र किंचित हळू-जलद चाललं की पट्टी सरकते. तबल्याशी जुळवलेला तानपुरा अर्धा सूर उतरला तर जे होईल तेच इथे होतं, गाणं ओळखू येतं आणि तरी ते गाणं राहत नाही. तिसरं, आवाज मोठा वाटावा म्हणून सगळं दाबून एका पातळीवर आणतात. कारच्या गाण्यात हळू आणि मोठं यांतलं अंतर हाच सगळा ऐवज. ते सपाट केलं की उरलं काय?

ऑनलाइन ऐकणाऱ्यांनी चौथा धोकाही लक्षात ठेवावा. साठच्या दशकातल्या कितीतरी सोल गायकांकडून पुढे स्वस्त कंपन्यांनी जुनी गाणी नव्याने गाऊन घेतली. नाव तेच, गायक तोच, मुखपृष्ठावर फोटोही जुनाच. ओळखायचं कसं? आधी प्रकाशनाचं वर्ष सोडून लेबलाचं नाव पाहावं, कारण वर्ष पुनर्प्रकाशनाचं असतं. मग गाण्याची लांबी पाहावी, मूळ सिंगलपेक्षा अर्धा मिनिट जास्त असेल तर शंका घ्यावी. आणि पहिल्या दहा सेकंदांत ड्रम ऐकावेत. साठच्या दशकातला स्नेअर, म्हणजे ठेक्याचा छोटा ड्रम, खोलीत वाजतो, त्याला भोवतालच्या भिंती असतात. नंतरचा, यंत्रातून आलेला, कोरडा आणि प्रत्येक वेळी हुबेहूब तसाच.

आता ती बारा.

कारचा जन्म १९४२ चा, मिसिसिपीच्या कोहोमा भागातला, ब्लूजचं गाव म्हणवणाऱ्या क्लार्क्सडेलच्या जवळचा. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. लहानपणीच कुटुंब मेम्फिसला आलं. चर्चमध्ये गाणं, मग गॉस्पेलच्या, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांच्या, गटांमध्ये गाणं, आणि पोटासाठी मजुरी. त्याला हाताशी धरलं ते रूझवेल्ट जेमिसन नावाच्या माणसाने. जेमिसन रक्तपेढीत काम करायचा आणि तिथल्याच मागच्या खोलीत गायकांच्या तालमी घ्यायचा. स्वतः गीतकारही होता. ‘दॅट्स हाऊ स्ट्राँग माय लव्ह इज’ हे त्याचं गाणं, जे पुढे ओटिस रेडिंग या गाजलेल्या सोल गायकाने गायलं. एका रात्री उशिरा जेमिसन टेपरेकॉर्डर घेऊन क्लॉन्चच्या दारात उभा राहिला आणि सोबत दोन गायक होते, ओ. व्ही. राइट आणि जेम्स कार. क्लॉन्चने दोघांनाही घेतलं. राइट लवकरच हातचा गेला, कारण त्याच्या गॉस्पेल गटाचा करार ह्यूस्टनच्या डॉन रोबीकडे होता आणि रोबीने हक्क सांगितला. कार उरला. गोल्डवॅक्स आणि कार यांची गाठ अशी पडली.

पहिलं गाणं ‘यू डोन्ट वाँट मी’. गळा तेव्हाही भारदस्तच आहे, पण तो गळा काय करायचा हे त्याला अजून ठाऊक नाही. प्रत्येक ओळीवर जोर. ओळीच्या पहिल्या शब्दावर जितका, तितकाच शेवटच्या शब्दावर. चर्चमध्ये असं गावंच लागतं, कारण मायक्रोफोनची खात्री नसते आणि समोरची मंडळी टाळ्यांनी, हुंकारांनी उत्तर देत असतात. त्यांच्यावरून आवाज न्यायचा असतो. स्टुडिओत उत्तर देणारं कुणी नाही आणि मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर. दुसऱ्या-तिसऱ्या सिंगलमध्ये कंपनीही चाचपडते आहे हे ऐकू येतं. एकदा पॉपकडे झुकलेलं काही, एकदा उडत्या चालीचं काही. ‘टॉक टॉक’सारखी जलद गाणी कारला तितकीशी शोभत नाहीत. ठेका धावला की त्याचा गळा मागे राहतो, त्याला शब्द खाली ठेवायला जागा मिळत नाही. ही पहिली सहा गाणी लोक सोडून देतात. सोडू नयेत. ती चांगली आहेत म्हणून ऐकायला सांगत नाही. सातव्या गाण्यात काय घडलं हे कळायला ती लागतात.

सातवं ‘यू’व्ह गॉट माय माइंड मेस्ड अप’, १९६६ चं, गोल्डवॅक्स क्रमांक ३०२. आरअँडबीच्या, म्हणजे कृष्णवर्णीय श्रोत्यांत चालणाऱ्या गाण्यांच्या, यादीत ते सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. लिहिलं ओ. बी. मॅक्लिंटनने, मिसिसिपीच्याच सेनाटोबियाच्या कृष्णवर्णीय तरुणाने, जो पुढे कंट्री गायक म्हणून नावारूपाला आला. ही गोष्ट महत्त्वाची आहे. मेम्फिसच्या सोलमध्ये कंट्री, म्हणजे गोऱ्या ग्रामीण अमेरिकेचं गाणं, किती खोल मुरलेलं होतं हे कारच्या या सीडीवर जितकं ऐकू येतं तितकं क्वचितच कुठे. कंट्रीची ओळ साधी असते, तिचं दुःख सरळ सांगितलेलं असतं आणि गायकाने तिला फार नटवलं तर ती मोडते. मॅक्लिंटनच्या ओळीने कारला हेच शिकवलं असावं. या गाण्यात तो प्रथमच ओळीची सुरुवात जवळजवळ बोलत करतो, मधे चढतो, आणि शेवटचा शब्द सोडून देतो. हरकती आहेत, पण मोजक्या, आणि त्या ओळीच्या शेवटी शोभेसाठी न येता ज्या शब्दाला दुखतं त्याच शब्दावर येतात. गाणं संपत येतं तेव्हा तो विनवण्या करतो आणि तिथे चर्चमधला सगळा दम बाहेर पडतो. आधीच्या सहा गाण्यांत तो दम पहिल्या ओळीपासून खर्च होत होता. इथे त्याने तो दोन मिनिटं राखून ठेवला.

पुढची ‘लव्ह अटॅक’ आणि ‘पोअरिंग वॉटर ऑन अ ड्राउनिंग मॅन’ या दोन्ही त्याच वर्षीच्या. पहिली क्लॉन्चने लिहिलेली, सातव्या गाण्याच्याच साच्यातली, आणि खरं सांगायचं तर साचा जाणवतो. दुसरी फार वर. आधीच बुडत असलेल्या माणसावर आणखी पाणी ओतायचं, अशी कल्पना. यात कार ठेक्याच्या किंचित मागे राहून गातो. ड्रम ठोका देतो आणि गळा नखभर उशिरा येतो. जलद गाण्यांत जे वैगुण्य होतं, मागे राहणं, तेच इथे त्याची खासियत झालं आहे. ऐकणाऱ्याला वाटत राहतं की या माणसाला पुढच्या शब्दापर्यंत पोचायला कष्ट पडताहेत, आणि बुडणाऱ्याला ते पडणारच.

या वळणावर तेरावं गाणं येतं.

गोल्डवॅक्स ३१७. ध्वनिमुद्रण झालं मेम्फिसच्याच हाय रेकॉर्ड्स कंपनीच्या रॉयल स्टुडिओत. रॉयल हे मुळात सिनेमाचं थिएटर. आत स्टुडिओ केला तरी जमिनीचा उतार तसाच ठेवलेला. उतारामुळे समोरासमोरच्या पृष्ठभागांचा मेळ बसत नाही, आवाज त्याच वाटेने परत येत नाही आणि खोलीत घुमण्याऐवजी पसरतो. मेम्फिसचा स्टॅक्स स्टुडिओही असाच जुन्या थिएटरमध्ये, असाच उताराचा. दक्षिणेकडच्या सोलमध्ये गळ्याभोवती जी मोकळी जागा ऐकू येते तिच्यात या दोन उतरत्या जमिनींचा वाटा मोठा आहे.

सुरुवातीला गिटार थरथरते. हा थरथराट अँप्लिफायरमधल्या ट्रेमोलोचा. यात सूर हलत नाही, आवाजाची पातळी सेकंदाला काही वेळा कमी-जास्त होते. बोटाने तार हलवून जो कंप येतो त्यात माणूस असतो, यात यंत्र आहे, आणि म्हणून ती थरथर थांबत नाही, दमत नाही, गाण्याखाली चालूच राहते. तिच्यावर कार येतो तो खालच्या सुरात. इतक्या खाली, की आधीची बारा गाणी ऐकलेल्याला वाटावं, याला बरं नाही की काय. गाण्याला वेगळं धृपद नाही. प्रत्येक कडवं फिरून ‘तू आणि मी’ पाशी येऊन थांबतं. मागे साथीचे आवाज आहेत, पण ते त्याला उत्तर देत नाहीत, नुसते सोबत राहतात. चोरट्या भेटीचं गाणं आहे, मोठ्याने उत्तर देणार कोण?

पहिली दोन कडवी तो आवाज चढवत नाही. पाप आहे, चूक आहे, किंमत मोजावी लागणार आहे, हे सगळं कबुलीच्या स्वरात. मग मधला भाग येतो, एक दिवस आपल्याला शोधून काढतीलच, ही ओळ तीनदा. इथे गळा उघडतो. दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा वर, तिसऱ्या वेळी आणखी वर, आणि तिथेच सातव्या गाण्यात त्याने विनवणीचा पूर सोडला होता. हा गायक आता काय करणार हे आपल्याला माहीत असतं. तो करत नाही. तिसऱ्या कडव्यात दिवसाउजेडी गाठ पडली तर ओळख न दाखवता पुढे जा, रडू नकोस, असं सांगायचं आहे, आणि ते सांगायला तो पुन्हा खाली उतरतो. भर रस्त्यात, लोकांदेखत, जितक्या आवाजात बोलता येईल तितक्याच आवाजात. वर चढलेला गळा एका श्वासात इतका खाली आणणं आणि तरी त्यातला ताण कायम ठेवणं हे गाण्यातलं फार अवघड काम आहे. चढणं पुष्कळांना येतं. अरेथाने हेच गाणं गायलं तेव्हा ती शेवटाकडे गॉस्पेलच्या उंचीवर गेली, आणि ते अप्रतिमच आहे, पण त्या उंचीवर गेलं की शेजाऱ्यांना ऐकू जातं. क्लॅरेन्स कार्टरने तर बहुतेक वेळ बोलून काढला आणि शेवटीच गायला. कारच्या रेकॉर्डवर दोघे प्रेमिक खरोखर लपलेले राहतात.

त्या हॉटेलच्या खोलीत नसलेल्या माणसाने गाण्यात आणलं ते हे. कागदावर शब्द आणि चाल होती. किती हळू आणि कुठवर, हे कागदावर नव्हतं. ते त्याने बारा बाजू गाऊन कमावलं होतं, आणि ‘टॉक टॉक’ ऐकून घेतल्याशिवाय ही कमाई किती मोठी आहे ते कळत नाही.

हे इतकं लांबण लावून सांगण्याचं कारण म्हणजे कारविषयी जे लिहिलं जातं ते वेगळंच असतं. त्याला बायपोलर आजार होता. १९६९ च्या सुमारास, अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओत, तो तासन्‌तास मायक्रोफोनपुढे बसून राहिला आणि हाती एखादंच गाणं लागलं, असं क्लॉन्चच्या आठवणींवरून सांगितलं जातं. १९७९ साली जपानच्या दौऱ्यात, जिथे त्याचे चाहते तिकिटं काढून बसले होते, तिथे औषधांचा डोस जास्त झाल्याने तो गाता गाता मंचावर थिजला. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या वाचताना जीव तुटतो. पण त्यांचा परिणाम असा झाला की लोक १९६६ च्या गाण्यातही आजार ऐकू लागले. वेदना त्याच्या आत होती, ती आपोआप बाहेर आली, असं म्हणतात. हे मला मान्य नाही. आपोआप बाहेर आलेलं काय असतं ते पहिल्या सहा गाण्यांत आहे. तेराव्यात जे आहे ते पूर्ण शुद्धीवर, मोजून-मापून, कुठे थांबायचं हे ठरवून केलेलं काम आहे. एखाद्या मजुराने इतकं बारीक काम केलं की त्याचं श्रेय त्याच्या बुद्धीला न देता त्याच्या दुःखाला द्यायचं, ही खोड संगीतावर लिहिणाऱ्यांना फार जुनी आहे.

तो मागे का पडला याला कारणंही बरीच कोरडी आहेत. ‘द डार्क एन्ड ऑफ द स्ट्रीट’ १९६७ साली आरअँडबीच्या यादीत दहावं आलं आणि पॉपच्या यादीत ७७ वं. शेजारी स्टॅक्स होती, तिच्याकडे ओटिस रेडिंग होता, स्वतःचा वाद्यवृंद होता, मोठ्या कंपनीचं वितरण होतं. गोल्डवॅक्स म्हणजे क्लॉन्च आणि त्याचा औषधविक्रेता भागीदार डॉक रसेल. छोट्या कंपनीला गाणं पडलं तर तोटा होतोच, पण चाललं तरी ती अडचणीत येते. तबकड्या छापणारा कारखाना पैसे आधी मागतो, वितरक माल विकून महिन्यांनी देतो, शिवाय न खपलेला माल परत पाठवायचा हक्क राखून ठेवतो. गाणं जितकं चालेल तितक्या जास्त तबकड्या छापाव्या लागतात, म्हणजे तितके जास्त पैसे अडकतात. गाणं रेडिओवर वाजत असताना कंपनीच्या खात्यात खडखडाट, हे चित्र त्या काळी अगदी नेहमीचं. हे निभावून न्यायला गायकाने सतत दौरे करावे लागतात, गावोगावच्या डीजेंना भेटावं लागतं. कारची प्रकृती त्या धकाधकीची नव्हती.

सीडीचा उत्तरार्ध, चौदा ते अठ्ठावीस, म्हणूनच सावकाश ऐकावा. ‘अ मॅन नीड्स अ वूमन’ मॅक्लिंटनचंच, आणि सातव्याच्या तोडीचं. ‘लाइफ टर्न्ड हर दॅट वे’ हे हार्लन हॉवर्डचं अस्सल कंट्री गाणं. बाई कठोर वाटते, पण आयुष्याने तिला तसं केलं, तिला दोष देऊ नका, एवढंच त्यात आहे. कारने ते इतक्या आदराने गायलं आहे की आपण त्या न पाहिलेल्या बाईच्या बाजूने उभे राहतो. ‘फ्रीडम ट्रेन’ जलद आहे आणि इथे ठेका त्याला मागे टाकत नाही. मेम्फिसमध्येच मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून होऊन गेल्यानंतरच्या दिवसांतलं गाणं म्हणून ते ऐकावं. पंचविसावं ‘टू लव्ह समबडी’ बी जीज या गटाचं. ते ओटिस रेडिंगला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं असं गटातल्या बॅरी गिबने सांगितलं आहे. ओटिस १९६७ च्या डिसेंबरात विमान अपघातात गेला आणि त्याचं माप घेऊन शिवलेलं हे गाणं दोन वर्षांनी कारच्या वाट्याला आलं. गळ्याला किंचित कड आली आहे. वरचा सूर लावताना पूर्वी जो भरवसा होता तो थोडा कमी झाला आहे, पण जागा सोडायची समज तशीच शाबूत. बी-साइडचं ‘दीज एन्ट रेनड्रॉप्स’ तर माझ्या मते ए-साइडहून सरस, आणि ते केवळ उलट्या बाजूला होतं म्हणून दुर्लक्षित राहिलं.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर असं करावं. पहिल्या बैठकीत सात आणि तेरा, मध्ये काही नाही. दोन्ही गाण्यांत तो विनवणीच्या टोकाला कधी पोचतो तेवढंच बघायचं. दुसऱ्या बैठकीत एक ते तेरा, न थांबता, पस्तीस मिनिटांच्या आत होतात. आवाज बेताचा ठेवावा. मोठा लावला तर हळू गायलेला भागही मोठा होतो आणि सगळा फरक जातो. हेडफोनपेक्षा समोर ठेवलेला एखादाच स्पीकर बरा. उत्तरार्ध नंतर, वेगळ्या दिवशी. पुढे पुन्हा सुरू झालेल्या गोल्डवॅक्ससाठी क्लॉन्चने १९९१ च्या सुमारास कारकडून ‘टेक मी टू द लिमिट’ हा अल्बम करून घेतला, तो मात्र शेवटी ठेवावा. त्यातलं वाद्यकाम त्या काळच्या यंत्रांचं आहे आणि आधी तो ऐकला तर गायकाविषयी गैरसमज होईल. त्याआधी गोल्डवॅक्सच्याच स्पेन्सर विगिन्सकडे जावं. त्याचीही संकलनं केंटनेच काढली आहेत, तोही मेम्फिसचा, त्याचंही एकसुद्धा गाणं मोठ्या यादीत वर गेलं नाही, आणि कारच्या शेजारी बसवला तर चढण्यात विगिन्स कारला हरवतो.